सव्वादोनशे टक्के सोय
विंडोजमध्ये अक्षरं १०० वरून २२५ टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, आणि ही सोय ज्याच्या-त्याच्या लॉगिनपुरती असते. मायक्रोसॉफ्टचं विकास केंद्र १९९८पासून हैदराबादेतच आहे. पण केंद्राच्या गच्चीबावली परिसरातून ही लॉगिनची वार्ता गल्लीतल्या शाळेत पोचायची आहे. तिथं अख्ख्या शाळेला एकच लॉगिन: ‘स्टुडंट’. आठवीतला चष्मेवाला अक्षरं फुगवतो, की ‘सेव्ह’चं बटण पडद्याखाली गडप. नववीतले ती पुन्हा बारीक करतात, मग सर नाक टेकवून गुण भरतात. शेवटी तोडगा निघाला: सेटिंगला कुलूप, चष्मेवाला पहिल्या बाकावर. अहो, संगणकाच्या खोलीत पहिला बाक काय नि शेवटचा काय, पडदा तेवढ्याच अंतरावर असतो. कुणीतरी सरांच्या कानावर घाला!