पंधरा थाऊ

जुन्या गाडीचं बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं गप्प उभे राहा. रस्त्यानं जाणारा एक तरी गृहस्थ थांबतो, मान तिरकी करतो, डोळे मिटतो आणि निदान करतो, "टॅपेट वाजतायत." त्याची स्वतःची मजल सायकलच्या पुढे गेलेली नसली तरी चालतं. मैफलीत मागच्या रांगेतून 'तानपुरा जरा उतरलाय' म्हणणारा जो असतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. आणि वाईट म्हणजे निदान बहुधा बरोबर असतं.

आमची ॲम्बॅसिडर 1972ची, मार्क टू. सासऱ्यांकडून आलेली, त्यामुळे ती गाडी नसून 'बाबांची गाडी' आहे. विकायचं नाव काढलं की घरात टॅपेटखेरीज इतरही बरंच काही वाजायला लागतं. बंगालातल्या उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात ही मालिका 1957 साली सुरू झाली आणि मे 2014 मध्ये थांबली. मूळ गाडी इंग्लंडची, मॉरिस ऑक्सफर्ड. आतलं 1489 सीसीचं इंजिन बी-सिरीजचं. याच घराण्यातलं, याच मापाचं इंजिन 1955च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत होतं. तिकडे त्यावर दोघं गळ्यात मफलर घालून हिंडायचे. इकडे त्यावर मंत्री बसले, कलेक्टर बसले आणि लग्नसराईत ड्रायव्हर धरून नऊ माणसं बसली. इंजिनानं तक्रार केली नाही, पण तेव्हापासून ते जरा बोलकं झालं.

त्याचं बोलणं येतं ते व्हॉल्व्हांपाशी. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याला दाबणारा एक रॉकर. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीकशी फट ठेवावी लागते, कारण धातू तापला की फुगतो; फटच नसेल तर व्हॉल्व्ह नीट मिटणार नाही. ही फट वाढली की टॅपेट वाजतात. तिचं माप पंधरा थाऊ. म्हणजे इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातले पंधरा, साधारण 0.38 मिलिमीटर. आमच्या कोल्हापुरात मिलिमीटर सांगितला तर मिस्त्री आदरानं ऐकून घेतो आणि विचारतो, "म्हणजे किती थाऊ?"

गाडी आधी एका चकाचक गॅरेजात नेली होती. पोरगा हुशार, हातात टॅब. गाडीला प्रदक्षिणा घालून म्हणाला, "काका, स्कॅनरची वायर कुठं जोडायची?" त्याचा दोष नाही. आजच्या कित्येक गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, तेलाच्या दाबानं ती फट आपोआप मिटते. त्यात स्वतः हात घालायचा प्रसंगच त्याच्यावर कधी आला नव्हता. म्हणून ठरलं, घरीच करायचं.

सामान फार लागत नाही. इंची मापाचा एक रिंग पाना, एक स्क्रूड्रायव्हर, फट मोजायच्या पात्यांचं फिलर गेज आणि टॅपेट कव्हरचं कॉर्कचं नवं गॅस्केट. एकटेपणाही लागतो, पण तो अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मिळत नाही. कव्हरचे दोन नट काढेपर्यंत खुर्च्या आल्या. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अण्णा आले, शाळेतले मास्तर आले, ज्योतिष बघणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. पहिला वाद लगेच पेटला: फट इंजिन गरम असताना बघायची की थंड? अण्णा एका बाजूला, उरलेलं पार्किंग दुसऱ्या बाजूला. मॅन्युअल आणलं, तर नेमकं ते पान तेल पिऊन इतकं पारदर्शक झालेलं की पुढची आणि मागची ओळ एकदमच वाचायला मिळत होती. वाद इतका रंगला की तेवढ्यात गरम इंजिन थंड झालं आणि प्रश्न निकाली निघाला.

प्लग काढले म्हणजे इंजिन हलकं फिरतं, म्हणून ते काढून बंपरच्या भोकातून हँडल घातलं. ते फिरवताना बघून दर दोन मिनिटांनी कोणीतरी विचारायचं, "धक्का मारू का?" कोल्हापूरकर मदतीला मागे हटत नाही, अडचण काय आहे हे विचारायलाही थांबत नाही.

आता यातली गंमत. कुठला व्हॉल्व्ह केव्हा बघायचा याचा हिशोब नवाचा आहे. आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला बघायचा, सातवा दाबला की दुसरा, सहावा दाबला की तिसरा. बेरीज नेहमी नऊ. मास्तर खूश झाले आणि तिसरीतल्या नातवाला हाक मारून वजाबाकी घ्यायला लागले. मी "पाच दाबला" म्हणायचा अवकाश, पोरगं "चार!" म्हणून ओरडायचं. ज्योतिषवाले काका गंभीर झाले. नऊ हा मंगळाचा अंक, मंगळ अग्नीचा, आणि आत पेटतंय पेट्रोल. त्यांच्या मते हे इंग्रजांना सुचणं शक्य नव्हतं.

खरी परीक्षा पात्याची. रॉकरचा लॉकनट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पंधराचं पातं सरकवून बघायचं. ते जायला हवं, पण कुरकुरत. कुरकुर किती, हे मॅन्युअलमध्ये नाही. त्यात नट आवळताना स्क्रू केसभर फिरतो आणि फट बदलते, म्हणून पुन्हा बघायचं. एकाच व्हॉल्व्हला अण्णा "घट्ट" म्हणाले, मास्तर "सैल" म्हणाले, काका "काळ अनुकूल नाही" म्हणाले. शेवटी चहा घेऊन आलेल्या सौभाग्यवतींनी ट्रे बॅटरीवर ठेवला आणि पातं हातात घेतलं. शिलाई मशीनच्या धाग्याचा ताण बोटांनी ओळखण्यात त्यांची वर्षं गेलेली. "अहो, हा बरोबर आहे. तो तिसरा आवळलाय." मोजून पाहिलं तर तिसरा खरंच आवळलेला. त्यानंतर आठही व्हॉल्व्ह त्यांच्या सहीनं पास झाले.

गाडी चालू केली. टिकटिक उरलीच, थोडी. रॉकरच्या तोंडाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट पातं त्याच्यावरून जातं, खळग्यातली फट त्याला दिसत नाही. मास्तर हळहळले. अण्णांनी मात्र खुर्ची सोडली आणि म्हणाले, "वाजू द्या. वाजणारा टॅपेट कुणाचं वाकडं करत नाही. गप्प बसलेल्याला घाबरा." शंभर टक्के खरं. फट जास्त असली तर आवाज होतो, जोर किंचित कमी पडतो. फट उरलीच नाही तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, जळता वायू कडेनं निसटत राहतो, व्हॉल्व्ह करपतो, कॉम्प्रेशन जातं, आणि मग हेड उतरवून उद्यमनगरच्या वर्कशॉपात न्यायची पाळी येते.

तेव्हा अशी गाडी घरी असेल तर मॅन्युअल वाचता येतंय तोवर त्यातला आकडा भिंतीवर लिहून ठेवा, गॅस्केट दोन आणा, आणि शंका आलीच तर आवळण्यापेक्षा केसभर सैल ठेवा. आणि त्या दिवशी स्कूटरचा पॉइंट बघायला म्हणून ज्यांनी आमचं फिलर गेज नेलं, त्यांनी बाकीची पाती खुशाल ठेवून घ्यावीत. पंधराचं तेवढं परत आणून द्यावं.