नऊ घंटा

काशीत ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत मोबाइलला रेंज नाही. दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतात, तिथे बिचारी रेंज शिरणार कुठून? म्हणून काका गच्चीवर बसतात. वानरांच्या भीतीने गच्चीला चहूबाजूंनी लोखंडी जाळी ठोकली आहे. जाळीच्या आत काका, बाहेर वानरं. दर दोन मिनिटांनी काका अंगठ्याने पडदा खाली ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात. वानरं हे फार लक्ष देऊन बघतात.

"चौदा," काका म्हणाले.

"कसले चौदा?" मी विचारलं. पहिलाच दिवस होता, चूक झाली.

"शेअर."

काकांचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. महाराष्ट्रातून यजमान आला की त्याचं गाव, कूळ, बरोबर कोण, आधी कोणाचे आजोबा-पणजोबा येऊन गेले, सगळं लाल कापडात बांधलेल्या लांबोळक्या बहीत उतरायचं. पणजोबांची सही बहीत सापडली की यजमान गहिवरे आणि दक्षिणेचा आकडा सुधारे. काका स्वतः वीज खात्यात बिलं काढत निवृत्त झाले. पण रक्त ते रक्तच. शेवटच्या बहीची पानं कोरी होती, त्यांत काकांनी रकाने आखले: तारीख, लेख, थेट, गुप्त, संशयित.

दर सोमवारी काका फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या एकवीस ग्रुपांवर 'मराठी काशी'वर एक लेख सोडतात. लेख खरंच चांगले असतात, हे मी त्यांच्या घरचा चहा प्यायलो म्हणून म्हणत नाही. १९२० साली निघालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचं संपादकपद वर्षानुवर्षं गाजवणाऱ्या बाबूराव विष्णू पराडकरांवर त्यांनी लिहिलं ते वाचून मी दोन प्रश्न विचारायला गेलो. "पराडकर? सत्तेचाळीस," काका म्हणाले. "शनिवारपर्यंत पन्नास व्हावे, पण मध्ये क्रिकेट आलं." अहिल्याबाई एकशे बारा. झाशीची राणी, जन्म इथलाच, दोनशे सहा. आणि १६७४ साली रायगडावर ज्यांनी महाराजांना राज्याभिषेक केला ते गागाभट्ट, नऊ.

"गागाभट्ट चालत नाहीत रे," काका हळहळले. "काय करावं समजत नाही, फोटो नाही ना त्यांचा."

मला सारखं वाटायचं, पराडकरांच्या काळी 'आज'चा एक अंक अख्खं चहाचं दुकान वाचून काढत असणार. ते वाचक कोणी मोजले? हे मी एकदा बोलून दाखवलं. काकांनी माझ्याकडे मीटरमध्ये फेरफार केलेल्या ग्राहकाकडे बघावं तसं बघितलं.

त्यांची खरी व्यथा मात्र निराळी. फेसबुक सांगतं चौदा शेअर, उघडून बघावं तर नावं अकराच. उरलेल्या तिघांनी आपापल्या बंद दाराआड शेअर केलेलं. काका त्याला 'गुप्तदान' म्हणतात. अलेक्सिस मॅड्रिगल नावाच्या अमेरिकी पत्रकाराने २०१२ साली या न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला 'डार्क सोशल' असं नाव दिलं. काकांचं नाव मला जास्त आवडतं. व्हॉट्सअ‍ॅप तर सगळंच गुप्तदान. संदेश कुलूपबंद, पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला पत्ता नाही. काकूंच्या भाच्याने छोटी लिंक करून दिली. ती किती वेळा उघडली हे कळतं. काका आठवडाभर खूश. मग लक्षात आलं, लोक लिंक गाळून नुसता मजकूर उचलतात आणि वर स्वतःचा 'सुप्रभात' लावून पुढे पाठवतात.

"विदाउट तिकीट!" काका ओरडले. एक वानर जाळीवरून खाली पडलं.

म्हणून काकांनी खूण पेरायचं ठरवलं. एकनाथमहाराजांनी भागवतावरची टीका काशीत पुरी केली ती १५७३ साली, आणि परंपरा सांगते की आधी नाकं मुरडणाऱ्या पंडितांनीच नंतर तो ग्रंथ हत्तीवरून मिरवला. काकांनी लेखात एक वाक्य हळूच घातलं: त्या हत्तीच्या गळ्यात नऊ घंटा होत्या. ना कुठल्या चरित्रात, ना कुठल्या कीर्तनात. नऊ घंटा दिसल्या की माल आपला! काकूंनी एवढंच विचारलं, "पण हे खोटं ना?" काका म्हणाले, "खोटं नाही, नंबर प्लेट."

आता एकच ध्यास राहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा संदेश पाच किंवा जास्त हातांतून आला की त्यावर दुहेरी बाण उमटतो, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो. लोकांना त्या बाणाची शंका येते. काकांना तो बाण म्हणजे वीरचक्र. आपला लेख दुहेरी बाण लावून आपल्याच फोनवर परत यावा, मग डोळे मिटले तरी चालतील.

कार्तिकात आम्ही पंचगंगा घाट उतरत होतो. पुढे महाराष्ट्रातली एक यात्रा कंपनी. टोपीवाले एक गृहस्थ मंडळींना सांगत होते, "आणि हत्तीच्या गळ्यात, बरं का, अकरा घंटा!"

काकांनी माझं मनगट धरलं. मग पुढे झाले. "नऊ."

"अकरा," गृहस्थ म्हणाले.

"नऊ हो!"

"हे बघा ना." त्यांनी फोन काकांच्या नाकासमोर धरला. लेख काकांचाच, शब्दन्‌शब्द. वर दुहेरी बाण, खाली कोणा दुसऱ्याचं नाव. आणि घंटा अकरा. "नऊ असं कुठे लिहिलंय? दाखवा."

काकांचे ओठ हलले. मी टाकल्या म्हणून नऊ, असं यात्रेकरूंसमोर, तेही गंगेच्या पायरीवर उभं राहून, कसं म्हणावं?

"आमच्याकडे," काका शेवटी म्हणाले, "जुनी बही आहे."

"असेल. पण हे सगळीकडे आलंय," असं म्हणून गृहस्थ मंडळींना घेऊन नावेकडे गेले.

परतताना चहावाल्याने हाक घातली, "का गुरू, का गिनत हउआ?"

"घंटा," काका म्हणाले. अख्खं दुकान हसलं. काका अगदी खरं बोलले होते.

रात्री जाळीत बसून त्यांनी बही उघडली. 'संशयित'मध्ये एक लिहिला, खोडला, 'थेट'मध्ये लिहिला, तोही खोडला. बऱ्याच वेळाने विचारलं, "सोमवारी दुरुस्ती टाकू का रे? की घंटाबिंटा काही नव्हत्या म्हणून? किती जाईल?"

"गागाभट्टांइतकी," मी म्हणालो.

काकांनी बहीला लाल कापड गुंडाळलं.