हळदीतलं जर्मन रॉक

रो-रो बोट मांडव्याला लागली की गाड्यांतून कुत्री उतरतात, बर्फाचे डबे उतरतात आणि हल्ली रेकॉर्ड प्लेअरही उतरतो. आवास-सासवणे-किहीमच्या बंगल्यांत सध्या जुन्या तबकड्यांची साथ आहे. रफी-लता चालत नाहीत. ‘दुर्लक्षित’ अल्बम लागतो. पोस्ट-पंक, एक्सपेरिमेंटल रॉक, शक्यतो जर्मन. अल्बम जितका कमी खपलेला, तितकी यजमानांची मान ताठ.

तर शनिवारची रात्र. हिरवळीवर ‘नॉय!’ या जोडगोळीचा १९७२ चा पहिला अल्बम लागलाय. पाहुणे डोळे मिटून बसलेत. तेवढ्यात पलीकडच्या आळीत हळद रंगते आणि बेंजो पार्टी सुरू होते. पाहुण्यांचे डोळे खाडकन उघडतात, यजमानांचा हात मोबाइलकडे जातो. दहा वाजायला अजून अवकाश असतो, म्हणून पोलिसांना फोन करता येत नाही. चडफडत बसतात.

आता गंमत ऐका. ज्याच्यासाठी हे डोळे मिटले होते, त्या अल्बममध्ये बेंजोचाच सख्खा भाऊ वाजतोय.

‘नॉय!’ची जोडी म्हणजे मिखाएल रोथर आणि क्लाउस डिंगर. दोघे ‘क्राफ्टवेर्क’ या बँडमधून फुटलेले. डिसेंबर १९७१ मध्ये हांबुर्गच्या स्टुडिओत शिरले, तर पहिले दोन दिवस हाती काही लागेना. मग डिंगरने आपला ‘जपानी बँजो’ आणला. कॉनी प्लांक या ध्वनिमुद्रकाने त्याचा सूर पार ओळखू न येण्याइतका पिळून काढला, आणि ‘नेगाटिवलांड’ हा पहिला तुकडा उभा राहिला. त्याच्या सुरुवातीला रस्ता फोडायच्या यंत्राचा धडधडाट आहे. वडखळमार्गे अलिबागला येणाऱ्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

हा जपानी बँजो म्हणजे ताइशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये टाइपरायटरच्या कळा तारांवर बसवून तो केला. आपल्याकडे आला तो बुलबुलतरंग झाला आणि आगरी-कोळ्यांच्या हळदीत, गणपतीत, नारळी पुनवेला बेंजो म्हणून रुजला. मास्तर वाजवताना जरा जवळ जाऊन बघा. हातभर लांब पेटी, डाव्या हाताची बोटं कळांवर, उजव्या हातात नखी. तारांखाली पिकअप, तिथून वायर अ‍ॅम्प्लिफायरला आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून टेम्पोवरच्या कर्ण्यांना. कर्ण्यात सूर कडेला फाटतो, त्याला खरखरीत धार येते. ती धार मिळावी म्हणून गिटारवाले डिस्टॉर्शनचं पेडल विकत घेतात. मास्तरांना ती जुन्या अ‍ॅम्प्लिफायर-कर्ण्यांतून फुकट मिळते.

डिंगरचा ड्रम हे त्या अल्बमचं दुसरं कवतिक. ‘हालोगालो’मध्ये तो दहा मिनिटं एकच ठेका धरून चालतो, वळण नाही, विसावा नाही. समीक्षकांनी त्याला ‘मोटोरिक’ म्हणून डोक्यावर घेतलं. ताल वेगळा, हे कबूल. त्यांचा सरळ चार मात्रांचा, आपला कोळी ठेका सहा मात्रांवर झुलणारा. पण न थांबण्याचा हट्ट तोच. आणि आमचे ढोलवाले दहा मिनिटांत दमत नाहीत. त्यांना वरात दारात पोचवायची असते.

हा अल्बम विसरला का गेला म्हणाल, तर सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या भावांसारखे रोथर आणि डिंगर हक्कांवरून अडून बसले. अधिकृत सीडी निघायला २००१ उजाडलं, तीही हर्बर्ट ग्र्योनेमायर नावाचा गायक मध्ये पडला म्हणून. तोवर डेव्हिड बोवीपासून ‘जॉय डिव्हिजन’ या बँडच्या स्टीफन मॉरिसपर्यंत सगळे त्यातून उचलायचं ते उचलून मोकळे झाले होते.

आपल्याकडचं म्हणाल, तर मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगना वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका डच संग्राहकाला ती तबकडी सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि मग तिला बंगल्यातल्या कपाटात मानाची जागा मिळाली. रवी जाधवांच्या २०१६ च्या ‘बँजो’ सिनेमातही या वाद्याची किंमत कळायला न्यूयॉर्कहून बाई यावी लागली. पटकथेवर टीका झाली असेल, पण या मुद्द्यावर ती अगदी वास्तववादी होती.

बेंजो पार्टीला कव्हर नाही, समीक्षा नाही, मर्यादित आवृत्ती नाही. टेम्पोच्या मागे मोबाइल नंबर असतो. अजून कोणी ‘शोधलेली’ नाही, एवढाच तिचा गुन्हा.

जाता जाता बंगलेवाल्यांसाठी एक शिफारस. ‘नॉय! २’, १९७३. मध्येच पैसे संपले, म्हणून या पठ्ठ्यांनी आपलीच आधीची सिंगल प्लेअरवर कधी ७८ च्या, कधी १६ च्या वेगाने फिरवली आणि दुसरी बाजू भरून काढली. ग्राहकांनी फसवणूक म्हणून बोंब मारली; आज त्याला रिमिक्सची आद्य कल्पना म्हणतात. आमच्याकडे नवऱ्याचा मामा ‘वाढव रे!’ म्हणून ओरडतो आणि तेच गाणं दुप्पट लयीत धावू लागतं. मास्तरांच्या खिशाला शंभराची नोट अडकवली की झालं.