नाव चढवणे, नाव कमी करणे

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमधून उठून जावामध्ये गेला. एक्सेलने कुणाचं काही घोडं मारलं नव्हतं, पण भाच्याला कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा होता. मी पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंगचाच धंदा करतो, म्हणून तक्रारी माझ्या दारात. पहिलीच तक्रार अशी की, फ्लॅट नंबर १ च्या काकांनी रोख पैसे भरले तरी थकबाकीदारांच्या यादीत ते कायम. आणि फ्लॅट नंबर २, म्हणजे खुद्द चेअरमन, दमडी न भरता यादीतून गायब!

अख्ख्या बिल्डिंगला त्यात राजकारण दिसलं. मला अ‍ॅरेलिस्ट दिसली.

अ‍ॅरेलिस्ट म्हणजे जावातली यादी. तिच्यात फ्लॅट नंबर होते: १, २, ५, ७. भाच्याने लिहिलं होतं ‘रिमूव्ह’, कंसात १. आता जावामध्ये रिमूव्ह दोन आहेत. एक जागेचा क्रमांक घेतं, दुसरं वस्तू घेतं. नुसता आकडा दिला की तो जागेचा क्रमांक समजला जातो, आणि जागा मोजायच्या शून्यापासून. म्हणजे शून्यावर काका, एकवर चेअरमन. जावाने सांगितल्या हुकमाप्रमाणे चेअरमनना काढलं. तोच आकडा इंटिजर ऑब्जेक्ट करून दिला असता तर काका सुटले असते. सात नंबरवाल्यांनी आधी पैसे भरले असते तर एक वेळ बरं झालं असतं. सातवी जागाच नसल्याने प्रोग्राम जागच्या जागी आडवा झाला असता आणि चूक तेव्हाच कळली असती. चेअरमन सुटल्याची तक्रार चेअरमन थोडीच करणार?

वाढवण्याच्या बाबतीत मात्र या लिस्टचं कौतुक करावं तेवढं थोडं. साधा अ‍ॅरे म्हणजे मोजून मापून जागा. लिस्ट म्हणते, या, कितीही या. पहिलं नाव आलं की ती दहा जागांची खोली घेते. अकरावा आला की दीडपट मोठी खोली बघते आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हलवते: १५, मग २२, मग ३३, मग ४९. हलवाहलवीच्या दिवशी दमछाक होते खरी, पण ती इतकी क्वचित, की सरासरीत नाव चढवणं जवळपास फुकटात पडतं. जावाचा जुना व्हेक्टर थेट दुप्पट मोठी खोली घ्यायचा. पायथॉन त्या मानाने कोकणस्थ: यादी मोठी झाल्यावर गरजेपेक्षा साधारण एक अष्टमांशच जास्त घेतो.

पण माणसं गेली म्हणून लहान खोलीत जाईल तर शपथ! लाख नावं चढवा, मग सगळी पुसा. लिस्ट रिकामी, पण लाखभर जागा अडवून बसलेली. सोडायच्या असतील तर ‘ट्रिम टू साइझ’ असं वेगळं बजावावं लागतं. सी प्लस प्लसमध्ये तर असं सांगणं ही नुसती विनंती आहे. ती मानलीच पाहिजे असं बंधन खुद्द भाषेच्या प्रमाणग्रंथानेच ठेवलेलं नाही.

त्याच सी प्लस प्लसमध्ये ‘रिमूव्ह’ नावाचं एक फंक्शन आहे, जे काहीही कमी करत नाही. ते राहणाऱ्यांना पुढे सरकवतं, नवी यादी कुठे संपते तेवढं बोट दाखवून सांगतं आणि हात झटकतं. यादीची लांबी पहिल्याइतकीच. खरोखर काढायला पुढे ‘इरेज’ लागतं. २०२०च्या आवृत्तीत हे एका कामात बसवलं, तोवर दोन दशकं लोक ही जोडगोळी मुकाट्याने टंकत होते. जावास्क्रिप्टचं ‘डिलीट’ याच्याही वरताण. ते माणूस काढतं, जागा तशीच ठेवतं आणि लांबी विचारली की गेलेल्याला धरून सांगतं.

सगळ्यात गंमत मात्र यादी वाचता वाचता त्यातली नावं काढण्यात. दुसरी तक्रार हीच, आणि ती खुद्द भाच्याची होती: “काका, कधी एरर येतो, कधी येत नाही.” त्याने फॉर-इच लूप लावला होता आणि ज्याने पैसे भरले त्याला तिथल्या तिथे उडवत होता. २ उडवला की प्रोग्राम कोसळतो. शेवटचा ७ उडवला तरी कोसळतो. पण ५, म्हणजे शेवटून दुसरा, उडवला की सगळं शांत.

कारण असं. पुढे कोणी आहे का, हे लिस्ट फार साध्या पद्धतीने ठरवते: मी जिथे आलो तो आकडा आणि यादीची लांबी सारखी आहे का? तीन नावं वाचून झाल्यावर ५ काढला, लांबी तीन झाली, तीन बरोबर तीन, संपलं. ७ कडे कोणी बघितलंच नाही. ७ काढला तर वाचून झाली चार, लांबी तीन, आकडे जुळत नाहीत. म्हणून पुढे कोणीतरी आहे अशी समजूत होते. पुढचं नाव मागितलं की मग कुठे लक्षात येतं की वाचताना कोणीतरी यादीत हात घातलाय, आणि आरडाओरडा सुरू. मला विचाराल तर हा आरडाओरडा परवडला. पायथॉन अशा वेळी ब्र काढत नाही, काढलेल्याच्या पाठचं नाव गुपचूप वगळून पुढे जातो.

पुढून काढण्याचा खर्च वेगळाच. दहा हजारांच्या यादीतला पहिला काढला की उरलेल्या ९,९९९ जणांना एकेक जागा पुढे सरकावं लागतं. शेवटचा काढला तर कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून जुनीजाणती मंडळी आकड्यांचा लूप शेवटाकडून उलटा फिरवतात. सरकासरकी झाली तरी ती बघून झालेल्यांत होते, कोणी वगळलं जात नाही.

२०१४ साली जावा ८ आलं, त्यात ‘रिमूव्ह इफ’ मिळालं. अट सांगायची आणि बाजूला व्हायचं. एका फेरीत सगळं निस्तरतं, न कोणी वगळलं जातं न कोणी ओरडतं. तुमच्या घरात कोणी तिसऱ्या वर्षाला असेल तर त्याला एवढं एक आजच सांगून ठेवा. आणि हिशेबाची एक प्रत एक्सेलमध्येही राहू द्या.