बारा व्होल्टचा वाली कोण?

इगतपुरीला विजेचं अप्रूप नाही. 1865 साली थळ घाट चढून आगगाडी वर आली, 1930 च्या सुमारास त्याच घाटात विजेची इंजिनं धावू लागली. पुढे कित्येक वर्षं मुंबईकडची 1500 व्होल्टची डीसी इथे संपायची आणि नाशिककडची 25 हजार व्होल्टची एसी इथून सुरू व्हायची. गाडी थांबायची, इंजिन बदललं जायचं, तेवढ्यात प्रवासी वडा खाऊन घ्यायचे. या शतकाच्या पहिल्या दशकात घाटातही एसी आली आणि तो खोळंबा संपला. (वडेवाल्यांना नुकसानभरपाई मिळाल्याचं ऐकिवात नाही.) ज्या गावात व्होल्ट हजारांत मोजले गेले, तिथे बारा व्होल्टला कोण विचारतो?

विचारायला हवं खरं तर. गावाच्या चहूबाजूंच्या डोंगरउतारांवर बंगले आणि रिसॉर्ट उगवले आहेत. मालक मुंबईत, बंगला इथे, मध्ये घाट. मग मालकाचा जीव कॅमेऱ्यात. भिंतीला एक ओल आणि चार कॅमेरे, हे प्रमाण आता ठरूनच गेलं आहे. त्याशिवाय वायफाय, दारावरचा व्हिडिओ फोन, आगीची घंटा, आपोआप उघडणारं फाटक, छतावरच्या सौर पॅनेलचा कंट्रोलर. या साऱ्याचा कारभार 12, 24, फार तर 48 व्होल्टवर चालतो. शॉक बसत नाही म्हणून कोणी भीत नाही, आणि भीत नाही म्हणून कोणी शिकतही नाही.

त्याचा परिणाम असा की इगतपुरीतले कितीतरी कॅमेरे दिवसा डोळस आणि रात्री आंधळे असतात. मालक म्हणतो, कंपनी भिकार. कंपनी बिचारी निर्दोष असते. कॅमेरा दिवसा नुसता बघतो; अंधार पडला की त्याच्या भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो दुपटी-तिपटीने करंट ओढू लागतो. अ‍ॅडॉप्टर घरात, कॅमेरा फाटकावर, मध्ये 50 मीटर वायर. करंटला जायचे 50 आणि यायचे 50. वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची असली तरी एवढ्या वाटेत साडेतीन ओहमच्या आसपास रोध होतो. अर्धा अँपिअर ओढला की पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. घरून बारा निघाले, फाटकावर सव्वादहा पोचले. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, आणि बहुधा असतेच, तर वाटखर्च आणखी वाढतो. कॅमेरा बंद पडतो. दिवे विझले म्हणून ओढ कमी होते, व्होल्टेज वर येतं, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, कॅमेरा बंद. रात्रभर हीच उघडझाप. सकाळी सगळं ठणठणीत, आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त सूर्योदय.

यात अगम्य काही नाही. ओहमचा नियम शाळेतच शिकवतात. पण तो पाच गुणांसाठी असतो, फाटकासाठी नव्हे. ज्या पोराला तो फाटकावर लावता येतो, त्याचं आणि मालकाचं संभाषण साधारण असं होतं.

"शेठ, जाड वायर टाकू का? चार पैसे जास्त लागतील."

"नको रे, बारीकच टाक. कोण बघतंय!"

कॅमेऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न फारच मार्मिक आहे.

वर इथला पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो, आणि तो फक्त वरून येत नाही. आडवा येतो, खालून येतो, धुक्याच्या रूपाने घरात राहायलाच येतो. वायर कॅमेऱ्यात किंवा भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यायचा असतो, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकून जातं. फुकटचं काम, हातभर वायर जास्त. पण वायर ताठ खेचलेली देखणी दिसते, म्हणून ती ताठ खेचतात. पाणी शिस्तीत तिच्यावरून चालत डब्यात जातं. ऑगस्टात डबा उघडला तर पिना हिरव्या झालेल्या, आणि मुंग्यांनी आत वसाहत मंजूर करून घेतलेली.

आता हे काम करतो कोण? 230 व्होल्टच्या वायरिंगला हात लावायचा तर वायरमनचा परवाना लागतो. बारा व्होल्टला काही लागत नाही; शिडी आणि मोबाइल असला की झालं. कोणाच्या तरी हाताखाली दोन महिने वायर खेचली, की तिसऱ्या महिन्यात व्हिजिटिंग कार्ड. त्यावर सीसीटीव्ही, इंटरनेट, इन्व्हर्टर, एसी आणि प्लंबिंगसुद्धा.

शिक्षणाची सोय नाही असं मात्र म्हणता येणार नाही. आयटीआयमधला 'इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक' हा दोन वर्षांचा ट्रेड दहावीनंतर घेता येतो आणि त्याचा अभ्यासक्रम कागदावर झकास आहे: डाग देण्यापासून मायक्रोकंट्रोलर आणि ऑप्टिकल फायबरपर्यंत. अडचण एवढीच की प्रात्यक्षिक टेबलावर होतं. टेबलाची लांबी दोन मीटर. तिथे व्होल्टेज पडत नाही, पाऊस पडत नाही, मुंग्या येत नाहीत. माझं ऐकलंच तर प्रत्येक वर्गाला शंभर मीटर भिकार वायरीचं एक भेंडोळं, एक बादली पाणी आणि मुद्दाम बिघडवलेले दहा कॅमेरे द्यावेत. पण बिघडवलेल्या कॅमेऱ्यांची खरेदी कोणत्या शीर्षाखाली दाखवायची, या प्रश्नावर फाइल तीन टेबलं फिरेल आणि शेवटी चांगलेच कॅमेरे येतील, कपाटात कुलपाबंद.

सरकारही स्वस्थ बसलेलं नाही. 19 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांनी दिल्लीतून महाराष्ट्रातल्या 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एका झटक्यात ऑनलाइन उद्घाटन केलं. पाचशे अकरा केंद्रं एका बटणावर. लो व्होल्टेजचं याहून भव्य प्रात्यक्षिक झालेलं नाही. मग 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. त्यात बारावीवाल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. म्हणजे ज्याला मल्टीमीटर धरता येतो त्याच्यापेक्षा ज्याने मध्ययुगीन इतिहास धरला त्याला दोन हजार जास्त. इतिहासाविषयी मला आदर आहे. पण फाटकावरचा कॅमेरा बंद पडला तर पानिपत सांगून तो सुरू होत नाही.

आणि ज्या रेल्वेवर हे गाव वाढलं तिचं काय? सिग्नलचे रिले 24 व्होल्टवर चालतात. अख्खी राजधानी एक्स्प्रेस त्यांच्या होकारावर धावते. 2024 च्या भरतीत ग्रेड एक टेक्निशियनच्या सिग्नल विभागाला विज्ञानाची पदवी नाहीतर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हवा होता. आयटीआयवाल्याने ग्रेड तीनच्या रांगेत उभं राहावं. घरोघरी पोरं त्या रांगेसाठी अंकगणित आणि सामान्यज्ञान घोकताहेत. आई विचारते, "रेल्वेत कधी लागतोस?" कॅमेऱ्याच्या कामात त्याने महिनाभरात बऱ्यापैकी पैसे मिळवले तरी तिच्या लेखी तो अजून बसूनच असतो.

तिकडे समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. कसारा घाटाला बगल देणारे जवळपास आठ किलोमीटरचे जुळे बोगदे, आत आग लागली तर पाण्याचं धुकं सोडणारी यंत्रणा. आधीच धुक्याच्या गावात धुकं सोडणारी यंत्रणा, हा योग जुळून यावा लागतो. तापमान ओळखणारे सेन्सर, त्यांच्या वायरी, त्यांचे जोड हे सगळं वर्षानुवर्षं कोणीतरी तपासत राहावं लागणार. आठ किलोमीटर म्हणजे शंभर मीटरची ऐंशी भेंडोळी. दोन मीटरच्या टेबलावर शिकलेल्याला तिथे कोण उभं करील?

रिसॉर्टवाले मात्र स्थानिकांना रोजगार देतात, तक्रारीला जागा नाही. कॅमेरे बसवायला नाशिकहून माणूस येतो, बिघडले की ठाण्याहून येतो, आणि गावातल्या आयटीआय झालेल्या पोराला पडद्यासमोर निळ्या गणवेशात बसवतात. पडदा काळा पडला की त्याने ठाण्याला फोन लावायचा आणि कशालाही हात लावायचा नाही, असं टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलेलं असतं.