कुठलं महाबळेश्वर?

स्वारगेटला महाबळेश्वरची गाडी लागली, की खिडकीतून आधी रुमाल आत जातो, मग पिशवी आणि सगळ्यात शेवटी दारातून माणूस. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी पैशांऐवजी आधार कार्ड पुढे करतात. त्यांचा प्रवास फुकट, पण कंडक्टरचा प्रश्न चुकत नाही.

"कुठलं महाबळेश्वर, आजी? बाजारातलं की क्षेत्र?"

"देवाचं."

मागच्या सीटवरचं नवं जोडपं चपापतं. तिथे देवही असतो, हे त्यांच्या पॅकेजात नव्हतं.

कंडक्टरचं बरोबरच आहे. पंचगंगेचं देऊळ असलेलं मूळ गाव बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर. 1824 साली लॉडविक नावाचा फौजी अधिकारी डोंगर चढला, त्याला हवा मानवली आणि पुढे एका कड्याला त्याचं नाव लागलं. 1829 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून डोंगरमाथा घेतला, बदल्यात वाईकडचं खंडाळा दिलं. नवी वस्ती झाली माल्कमपेठ. लेकीच्या वाट्याला केट्स पॉइंट आला. तिथलं जुनं नाव नाके खिंड. साहेबाने नावालाच खिंडीत गाठलं.

ते खंडाळा आजही पुण्याहून जाताना खंबाटकीच्या अलीकडे लागतं. ज्याच्या मोबदल्यात हिल स्टेशन आलं, तिथे सेल्फीला कुणी उतरत नाही. उलट, "लोणावळा मागे कधी गेलं?" असं विचारणारा एखादा तरी निघतो.

माल्कमपेठेत 1834 पासून तीसेक वर्षं तुरुंग होता. तिथल्या चिनी कैद्यांनी बटाटे आणि भाजीपाला पिकवला, म्हणून साहेबाच्या ताटात बटाटा आला. त्यांच्याही नावाची आठवण गावाने ठेवली आहे: चायनामन फॉल्स. साहेबाला कडा, कैद्याला धबधबा, तोही पावसाळ्यापुरता! (स्ट्रॉबेरीला मात्र 2010 साली रीतसर भौगोलिक मानांकन मिळालं. फळ होणं केव्हाही परवडतं.)

आता कारभार. 2011 च्या जनगणनेत तेरा हजारांच्या आसपास वस्ती असलेली गिरिस्थान नगरपरिषद मे महिन्यात अर्ध्या पुण्या-मुंबईचा कचरा उचलते. त्यासाठी नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडते आणि ती फाडेपर्यंत मागे गाड्यांची रांग लागते. 17 जानेवारी 2001 पासून हा सगळा टापू पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे झाड तोडायला परवानगी, डोंगर खोदायला परवानगी. पापभीरू माणूस कौल बदलण्याआधीही चार टेबलं फिरून येतो. पावसाळ्यात घरांना गवताच्या झड्या बांधायची इथली जुनी रीत. काही हॉटेलांच्या झड्या उतरल्या, की आत एखादी खोली वाढलेली सापडते. मग नोटीस, मग स्थगिती, मग पुढचा पावसाळा.

एवढ्याने गर्दी आवरेना, तेव्हा सरकारने जालीम उपाय काढला: नवीन महाबळेश्वर. सुरुवातीला सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतली 235 गावं त्यात घ्यायची आणि आराखडा कुणी करायचा, तर रस्ते विकास महामंडळाने. पाहुणे मावत नाहीत म्हणून शेजाऱ्याचंही घर लॉज करायचं, त्यातला हा प्रकार. माल्कमसाहेबाने निदान बदल्यात एक खंडाळा तरी दिलं होतं.

आजींच्या कानावर तिसऱ्या महाबळेश्वराची वार्ता कंडक्टरच घालतो.

"आणि तिथला देव?" आजी विचारतात.

कंडक्टर यंत्रातून शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. "आराखड्यात असेल. आपला थांबा नाही अजून."