साहेब, घड्याळ आलंय

संगणक सुरू झाला नाही की माणूस आधी वायर हलवून बघतो, मग प्लग काढून पुन्हा घालतो आणि शेवटी डब्याला एक थाप मारतो. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. माझी नोकरी मात्र व्हर्च्युअल मशीन सांभाळायची. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक. त्याला वायर नाही, प्लग नाही, थाप मारायला डबाही नाही. सर्व्हरला मारावी, तर त्याच्या पोटात बाकीची डझनभर यंत्रं बिनतक्रार चाललेली असतात.

त्यांतलंच एक यंत्र मला छळत होतं. त्यावर पगाराचं जुनं सॉफ्टवेअर होतं, आणि ते चालावं म्हणून तितकंच जुनं लिनक्स. दिवसा हे यंत्र शहाण्यासारखं सुरू व्हायचं. रात्री बॅकअप चालू असताना रीस्टार्ट केलं, की कधी सुरू व्हायचं, कधी पहिल्याच पडद्यावर मान टाकायचं. मान टाकताना निरोप ठेवायचं : ‘आयओ-एपिक प्लस टायमर डझन्ट वर्क!’ त्याखाली सल्ला : ‘एपिक=डीबग’ देऊन सुरू करा, रिपोर्ट पाठवा, मग ‘नोएपिक’ देऊन सुरू करून बघा. म्हणजे जे सुरूच होत नाही, ते सुरू करण्याच्या दोन-दोन पद्धती सुचवून जातं.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, “नेमकं काय बिघडलंय हो त्याचं?”

“घड्याळ.”

“बंद पडलंय?”

“चालू आहे. पण ठोका पडला हे प्रोसेसरला कोणी कळवत नाही.”

“मग ज्यानं कळवायचं त्याला विचारा की. माझ्याकडे काय बघताय?”

ज्यानं कळवायचं त्याला इंटरप्ट कंट्रोलर म्हणतात. प्रोसेसर हा केबिनमधला साहेब. कीबोर्ड, डिस्क, घड्याळ ही बाहेर ताटकळणारी मंडळी. कोणाची वर्दी आधी द्यायची, हे दारावरचा शिपाई ठरवतो. 1981च्या आयबीएम पीसीत हा शिपाई म्हणजे इंटेलची 8259 ही चिप. तिच्याकडे आठ घंट्या. 1984मध्ये पीसी-एटी आला तेव्हा आठ पुरेनात, म्हणून दुसरा शिपाई नेमला. पण दारात उभं राहायला जागा एकालाच. मग ठरलं, की दुसऱ्यानं पहिल्याची दोन नंबरची घंटा वाजवायची आणि पहिल्यानं साहेबाला सांगायचं. सोळांपैकी एक घंटा शिपायांच्या आपसातल्या बोलण्यात गेली, लोकांसाठी उरल्या पंधरा. ज्यांनी कचेरीत दिवस काढलेत, त्यांना हा हिशेब उदारच वाटेल.

या शिपायाची एक खोड आहे. घंटा वाजवून कोणी पळून गेलं आणि साहेबानं “कोण आहे?” म्हणून विचारलं, तर “कोणी नाही” हे उत्तर त्याच्याकडे नाही. तो बेधडक सात नंबरचं नाव सांगतो. सात नंबर जुन्या पीसीत प्रिंटरचा. प्रिंटरवर खापर फोडायची परंपरा इतकी जुनी आहे.

पुढे एका संगणकात अनेक प्रोसेसर आले, तेव्हा एपिक नावाची नवी व्यवस्था झाली : बाहेर चोवीस घंट्यांचा आयओ-एपिक आणि प्रत्येक साहेबाशेजारी एकेक लोकल एपिक. जुन्या शिपायाला मात्र निवृत्त केलं नाही, कारण जुनं सॉफ्टवेअर त्यालाच ओळखायचं. तो मस्टरवर राहिला. या खांदेपालटात घड्याळ, जे आजवर शून्य नंबरची घंटा वाजवायचं, ते नव्या माणसाकडे दोन नंबरवर गेलं. ही बदली बायोसनं, म्हणजे यंत्र उठताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, आपल्या तक्त्यात नोंदवायची असते. काही बायोस विसरायचे. म्हणून लिनक्स तक्त्यावर विसंबून न राहता उठल्याउठल्या घड्याळाची परीक्षा घेतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये तर साहेबही खोटा आणि केबिनही खोटी. तरी दोन्ही पिढ्यांचे शिपाई तिथे खोडींसकट हुबेहूब उभे केलेले असतात. सात नंबरची थापसुद्धा कोणीतरी प्रामाणिकपणे कोडमध्ये लिहून ठेवली आहे.

घड्याळाची परीक्षा अशी : दहा ठोके पडतील इतका वेळ थांबायचं, त्यांतले पाच मोजले गेले तर पास. आमच्या यंत्रात सेकंदाला हजार ठोके, म्हणजे सगळा पेपर सेकंदाच्या शंभराव्या भागात उरकतो. नापास झालं तर घड्याळाला जुन्या शिपायामार्फत पाठवून बघतात. तेही जमलं नाही तर आणखी दोन आडवाटा आहेत. त्याही संपल्या, की पडद्यावर ‘फेल्ड’ येतं आणि त्यापुढे कोलन आणि कंस, म्हणजे रडका चेहरा. मग तो आधी सांगितलेला निरोप ठेवून यंत्र प्राण सोडतं.

आमच्या कचेरीत यावर मीटिंग झाली आणि रॅम वाढवायचं ठरलं. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर रॅम वाढवतात.

कारण वेगळंच निघालं. बॅकअपच्या वेळी सर्व्हर इतका गुंतलेला असायचा, की नेमक्या त्या शंभराव्या भागात आमच्या यंत्राला बाजूला ठेवायचा. वेळ निघून जायची, ठोके पोचायचे नाहीत. घड्याळ ठीक होतं, दोन्ही शिपाई कामावर होते. यंत्र नापास होत होतं ते शेजारच्यांच्या गर्दीमुळे. मुळात ही परीक्षा मदरबोर्डवरची जोडणी चुकली असेल तर पकडण्यासाठी. जिथे तारच नाही, तिथे ती चुकणार कशी? हे पुढच्या लिनक्सलाही उमगलं. आपण केव्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्समधल्या व्यवस्थेच्या, पोटात आहोत असं कळलं, की ते परीक्षाच घेत नाही. आमच्या जुन्याला ही समज नव्हती, म्हणून बूटच्या ओळीत मी हातानं ‘नो_टायमर_चेक’ लिहिलं. त्यानंतर भर बॅकअपमध्येही यंत्र निमूट सुरू होऊ लागलं.

साहेबांनी, म्हणजे आमच्या खऱ्या साहेबांनी, बोलावून घेतलं. “दुरुस्ती काय केलीत?”

“परीक्षा रद्द केली, सर.”

“आणि घड्याळ?”

“ते चांगलंच होतं.”

“मग बिघडलं काय होतं?”

“तपासणी, सर.”

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. असलं काही वर कळवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही समजत होतं. दरम्यान मंजूर झालेली रॅमही येऊन बसली होती. त्यांनी अहवालात लिहिलं : रॅम वाढवल्यामुळे समस्या सुटली. मी सही केली. पुढच्या मीटिंगमध्ये बाकीच्या सगळ्या यंत्रांची रॅम वाढवायचा ठराव एकमतानं मंजूर झाला.